काचेपलीकडचे आई-वडील

नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने १९७२ साली एक कायदा मंजूर केला आणि चॅपेल हिलच्या विद्यापीठात, वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात, ‘डिव्हिजन टीच’ नावाचं खातं सरकारी खर्चाने उघडलं. स्वमग्न मुलांचं निदान, त्यांचं शिक्षण आणि त्यांच्या आई-वडिलांचं प्रशिक्षण, ही तिन्ही कामं एकाच छपराखाली आणि साऱ्या राज्यासाठी करायची, असा तो मामला होता. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या राज्याने तोवर असं काही केलेलं नव्हतं. अपंग मुलांना सरकारी शाळेत जागा मिळालीच पाहिजे, हा केंद्राचा कायदा व्हायला अजून तीन वर्षं होती. म्हणजे त्या वर्षी एखादं न बोलणारं मूल शाळेच्या दारात नेलं, तर ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून मुख्याध्यापक त्याला सरळ परत पाठवू शकत होते आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं.

मराठी मंडळाच्या स्मरणिकेत या संस्थेला जागा कशासाठी, असं कुणी विचारील. राले, कॅरी, चॅपेल हिल या पट्ट्यात संगणकाच्या आणि औषधांच्या कंपन्यांमागून मराठी कुटुंबं येत राहिली. त्यांतल्या काहींना मुलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी या संस्थेची पायरी चढावी लागली. गणपतीला, दिवाळीला आपण भेटतो तेव्हा हा विषय निघत नाही. गावी फोनवर सांगतानाही ‘जरा बोलायला उशीर होतोय, थेरपी चालू आहे’ इतकंच सांगितलं जातं. ज्या संस्थेने आपल्यातल्या काही घरांचा दिनक्रम अक्षरशः भिंतीवर मांडून दिला, तिची हकिगत एकदा सलग लिहावी म्हणून हा खटाटोप.

सुरुवात बाल्टिमोरपासून करावी लागते. तिथल्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि ऑटिझम हे नाव वैद्यकात रुजलं. निरीक्षणं आजही वाचण्यासारखी आहेत. पण त्याच लेखात मुलांच्या आई-वडिलांबद्दल शेरे होते: शिकलेली, हुशार माणसं, पण मायेची ऊब कमी. पुढच्या वीस वर्षांत या शेऱ्यांचा सिद्धांत झाला. आई थंड, म्हणून मूल मिटलेलं. शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणारे ब्रूनो बेटेलहाइम यांनी हा सिद्धांत टोकाला नेला. ते स्वतः डाखाऊ आणि बुखेनवाल्ड इथल्या नाझी छळछावण्यांतून सुटून आलेले. छावणीतला कैदी जसा जगाकडे पाठ फिरवतो, तसंच हे मूल घरात करतं, असं त्यांनी मांडलं. मग पहारेकरी कोण, हे वेगळं सांगायला नको. मुलाला आई-वडिलांपासून दूर ठेवणं हाच उपचार ठरला. १९६७ साली आलेलं त्यांचं ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ हे पुस्तक अमेरिकेत खूप वाचलं गेलं.

त्याच शिकागोत एरिक शॉपलर शिकत होते. त्यांचा जन्म १९२७ चा, जर्मनीतल्या फ्युर्थ गावचा. कुटुंब ज्यू. १९३८ साली घरदार सोडून ते सगळे अमेरिकेत आले. नाझींच्या तावडीतून निसटलेला हा दुसरा माणूस, पण बेटेलहाइम यांची उपमा त्याच्या गळी कधीच उतरली नाही. शॉपलर यांना तिच्यात वेगळंच काही दिसलं: समाजाला एखादं दुखणं उलगडत नाही, तेव्हा तो कुणाला तरी बळीचा बकरा करतो. याच आशयाचा लेख त्यांनी १९७१ साली छापला. त्यांचा पीएच.डी.चा विषय त्या काळाच्या मानाने साधा वाटेल असा होता: मुलं वस्तू हाताळून समजून घेतात की पाहून? बाकीचे विद्वान आईच्या मनाचा तळ ढवळत असताना हा माणूस मुलाचे डोळे आणि हात पाहत होता. पुढची सगळी पद्धत त्या पाहण्यातून आली, असं मला वाटतं.

१९६४ साली शॉपलर चॅपेल हिलला आले. त्या काळी मनोविश्लेषणाच्या वळणाचे उपचार म्हणजे मुलाला खेळण्यांनी भरलेल्या खोलीत मोकळं सोडायचं, तो जे करील ते करू द्यायचं आणि त्याच्या मनातला राग बाहेर पडायची वाट पाहायची. राग बाहेर पडायचा, त्यात शंका नाही. बाकी फारसं काही घडायचं नाही. शॉपलर आणि मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट रायक्लर यांनी १९६६ साली केंद्र सरकारच्या पैशांवर पाच वर्षांचा एक प्रकल्प सुरू केला. त्यात त्यांनी एक छोटा प्रयोग केला. मुलं पाचच. काही दिवस साहित्य काय, काम कसं, किती वेळ, हे सगळं मोठ्यांनी ठरवायचं आणि काही दिवस सगळं मुलावर सोडायचं. दोन्ही वेळी मुलाचं लक्ष, माणसांशी वागणं, विचित्र हालचाली यांची नोंद ठेवायची. आखून दिलेल्या तासांत मुलं अधिक सावरलेली दिसली. ज्या मुलांचा विकास जास्त मागे होता, ती मोकळ्या तासांत जास्तच विस्कटली. म्हणजे ज्याला आपण मोकळीक म्हणत होतो, तिने त्या मुलाला वाऱ्यावर सोडलं होतं. पाच मुलांवरून जगाचा न्याय करू नये, हे खरं. पण दिशा मिळाली.

खरी उलथापालथ मात्र एका काचेने केली. मानसशास्त्राच्या दवाखान्यात तेव्हाही एकतर्फी काच असायची: एका खोलीतून आरपार दिसतं, दुसऱ्या खोलीतून आरसा वाटतो. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे काचेमागे तज्ज्ञ बसायचे आणि आई मुलाशी कशी वागते याच्या नोंदी करायचे. शॉपलर-रायक्लर यांनी काचेमागे आई-वडिलांनाच बसवलं. आत एक शिक्षिका मुलाला घेऊन छोट्या टेबलाशी बसायची. बाहेर अंधाऱ्या खोलीत दुसरी तज्ज्ञ व्यक्ती आईशेजारी बसून, आत काय चाललंय ते सांगायची. ती आता बोलत का नाही, ठोकळे सगळे एकदम न देता एकेक का देते, त्याचा हात धरून पुन्हा का सोडला. आणि आईला आणखी एक गोष्ट दिसायची, जी कुठल्याही समुपदेशनात सांगून पटली नसती. मूल त्या शिकलेल्या, पगारी, थंड नसलेल्या बाईंच्याही अंगावर ठोकळे फेकायचं. त्यांच्याही हाताला चावायचं. त्याही पुन्हा नव्याने सुरुवात करायच्या.

मग जागा बदलायच्या. घरी काय करायचं याचा लेखी कार्यक्रम आईकडे दिलेला असायचा. पुढच्या भेटीत आई किंवा वडील आत बसून तो करून दाखवायचे आणि काचेमागे तज्ज्ञ. कधी कधी आई अशी काही युक्ती करायची की तज्ज्ञच ती टिपून घेत. या रचनेला त्यांनी ‘सहउपचारक पालक’ असं नाव दिलं. नुसत्या सद्भावनेवर न थांबता ते तपासूनही पाहिलं. आपलं मूल कुठल्या गोष्टीत किती वर्षांच्या मुलाएवढं आहे, याचा अंदाज त्यांनी पालकांकडून घेतला आणि तो चाचण्यांशी ताडून पाहिला. पालकांचे अंदाज चाचण्यांशी बऱ्यापैकी जुळले. १९७२ साली तो निष्कर्ष छापून आला. ज्या बायकांना ‘तुम्हाला मुलाचं काही कळत नाही’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं होतं, त्यांना खरं तर सगळं कळत होतं. कॅनर यांनीही १९६९ साली वॉशिंग्टनच्या एका सभेत पालकांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं होतं. कॅनर यांच्याकडे असलेल्या, ऑटिझमला वाहिलेल्या पहिल्या संशोधनपत्रिकेचं संपादकपद पुढे १९७४ साली शॉपलर यांच्याकडे आलं आणि ते त्यांनी १९९७ पर्यंत सांभाळलं.

प्रकल्पाची पाच वर्षं संपत आली तेव्हा पैसा आटणार हे उघड होतं. अशा वेळी प्राध्यापक सहसा नवा अर्ज लिहितात. इथे पालक उठले. राज्यातल्या पालकांनी १९७० सालीच आपली संघटना बांधली होती. ते रालेच्या विधिमंडळाकडे गेले, आमदारांना भेटले आणि प्रकल्पाला कायद्याचा आधार मागितला. काचेमागे बसून शिकलेल्या माणसांना काय मागायचं ते नेमकं ठाऊक होतं. नुसती शाळा नको, नुसता दवाखाना नको, दोन्ही हवं आणि घराला सोबत घेऊन हवं. विधिमंडळाने ऐकलं. चॅपेल हिल, डोंगरातलं ॲशव्हिल आणि पूर्वेचं ग्रीनव्हिल इथे केंद्रं सुरू झाली आणि सरकारी शाळांतून वर्ग उघडले. पुढे शार्लट, ग्रीन्सबरो, राले, विल्मिंग्टन मिळून ती सात झाली.

आता संस्थेच्या कामाकडे वळू. तिथली पहिली पायरी चाचणीची आणि तीच मला सर्वांत आवडते. शॉपलर आणि रायक्लर यांनी १९७९ साली ‘पेप’ नावाची चाचणी प्रसिद्ध केली. पेटीत साबणाचे फुगे, हातघंटी, मातीचा गोळा, हातात घालायच्या बाहुल्या, शोभादर्शक, आकार बसवायची पाटी असं सामान. वेळेची मर्यादा नाही. क्रम बदलला तरी चालतो. बोलून सूचना देण्याची गरज कमीत कमी. नेहमीच्या बुद्धिमत्ता चाचणीत मूल प्रश्नच ऐकत नाही आणि अहवालात ‘चाचणी घेणं अशक्य’ असा शेरा येतो. तो शेरा या चाचणीने हद्दपार केला. पण खरी गंमत गुण देण्यात आहे. ‘जमलं’ आणि ‘नाही जमलं’ यांच्यामध्ये तिसरा रकाना आहे, ‘जमू लागलंय’ असा. मुलाने घंटी हातात घेतली, उलटसुलट केली, वाजवायची असते एवढं कळल्यासारखं दिसलं, पण दाखवल्याप्रमाणे दोनदा वाजवली नाही. ते या रकान्यात. शिकवायला सुरुवात इथूनच करायची. जे येतं ते पुन्हा पुन्हा घोकून घ्यायचं नाही आणि जे अजून आवाक्यात नाही त्यासाठी मुलाला रडवायचं नाही. आपल्याकडे मुलांच्या प्रगतिपुस्तकात हा तिसरा रकाना असता, तर किती पिढ्यांचं भलं झालं असतं, असा एक विचार जाता जाता येतो.

याच घरातली दुसरी मोजपट्टी ‘कार्स’. पंधरा बाबी, प्रत्येकीला एक ते चार गुण, बेरीज तीस किंवा त्याहून अधिक झाली तर ऑटिझम. पुण्या-मुंबईच्या बालविकास केंद्रांतून मिळणाऱ्या अहवालांतही हे नाव दिसतं. भारतात पुढे ‘इसा’ ही स्वतःची मोजपट्टी आली आणि २०१६ च्या कायद्याने स्वमग्नतेला अपंगत्वाच्या यादीत स्वतंत्र जागा दिली. तरी दवाखान्यांतून ‘कार्स’ अजून चालतंच.

वर्गाविषयी लिहिताना जरा थांबावं लागेल, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. ‘टीच’च्या वळणाचा वर्ग लहान असतो: पाच-सात मुलं, एक शिक्षिका, एक मदतनीस. खोलीत शिरलं की कुठे काय करायचं ते जागाच सांगते. कपाटं, पडदे, जमिनीवरची पट्टी यांनी कोपरे वेगळे केलेले. एका कोपऱ्यात शिक्षिकेबरोबर शिकायचं, एकात एकट्याने काम करायचं, एकात खायचं, एकात नुसतं लोळायचं. कामाच्या कोपऱ्यात टेबलाचं तोंड भिंतीकडे. नवख्या आईला ते शिक्षेसारखं वाटतं, पण खिडकीबाहेरचा प्रत्येक ट्रक ज्याचं लक्ष ओढून नेतो, त्याच्यासाठी ती कोरी भिंत म्हणजे विसावा असतो.

एकट्याच्या टेबलाचं उदाहरण घेऊ. डावीकडे फळीवर तीन ट्रे. एकावर वर्तुळ चिकटवलेलं, दुसऱ्यावर त्रिकोण, तिसऱ्यावर चौकोन. टेबलावर याच तीन आकारांची छोटी कार्डं ओळीने लावलेली आणि शेवटी झोक्याचं चित्र. मुलगा वर्तुळाचं कार्ड काढतो, ट्रेवरच्या वर्तुळाला जुळवून चिकटवतो, ट्रे समोर घेतो. आत राजमा आणि चवळी एकत्र केलेली, दोन डबे, प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकेक दाणा डकवलेला. कुणी काही बोलत नाही. तो दाणे वेगळे करतो, ट्रे उजवीकडच्या मोठ्या टोपलीत ठेवतो आणि त्रिकोण उचलतो. टेबलावर कार्ड उरलं नाही की झोका. चार प्रश्नांची उत्तरं त्याला माणसाकडे न पाहता मिळालेली असतात: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार आणि मग पुढे काय. हे चार प्रश्न म्हणजे या पद्धतीचा गाभा. आपण मोठी माणसं सभेला जातो तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत नेमकं हेच शोधतो आणि शेवटची ओळ ‘अल्पोपाहार’ असेल तर सभा जरा सुसह्य होते.

यातली मेख अशी की राजमा-चवळी वेगळी करणं हे उद्दिष्ट नव्हे. ते शिक्षिकेच्या शेजारी बसून आधीच शिकून झालेलं असतं. उद्दिष्ट हे, की डोक्यावर उभ्या माणसाशिवाय मुलाने काम सुरू करावं आणि संपवावं. पाहुण्यांना ट्रे दिसतात, म्हणून ते ट्रे बनवून घरी जातात. पद्धत तिथेच राहते.

दिवसाच्या वेळापत्रकाचंही तसंच. भिंतीवर सगळ्यांसाठी एक रंगीत तक्ता लावला की झालं, असं अनेक शाळांना वाटतं. इथे प्रत्येक मुलाचं वेळापत्रक वेगळं. एखाद्याला चित्र कळतच नाही, त्याला मैदानावर जायच्या वेळी हातात चेंडू द्यायचा, जेवायच्या वेळी चमचा. एखाद्याला फोटो लागतो, एखाद्याला रेघांचं चित्र पुरतं. वाचता येणाऱ्याला वहीत लिहिलेली यादी. दिवसात काही बदल होणार असेल, तर बदलाचं एक ठरलेलं चिन्ह त्या जागी लावायचं. त्याची सवयही आधी सुखाच्या बदलांनी करायची. म्हणजे गणिताऐवजी आइस्क्रीम. अग्निशमनाच्या कवायतीने सुरुवात करू नये. मूल शिकलं की चित्रं काढून टाकायची, अशी घाई काही शाळांत दिसते. जणू चित्र म्हणजे पायाला बांधलेली फळी, हाड जुळलं की सोडायची. चित्रातून यादीकडे, यादीतून रोजनिशीकडे किंवा फोनकडे जायचं, पण वेळापत्रक राहतं. तुमचं-माझं कुठे सुटलंय?

आणखी एक गल्लत इथेच मिटवतो. चित्रांचं वेळापत्रक आणि ‘पेक्स’ ही एक गोष्ट नाही. ‘पेक्स’ डेलावेअरमध्ये १९८५ साली निघालं. त्यात मूल चित्र देऊन आपल्याला सांगतं, हे हवंय. वेळापत्रकात आपण मुलाला सांगतो, हे होणार आहे. बऱ्याच मुलांना दोन्हींची गरज असते. पण एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आपल्या घरांत हे सगळं नेताना खरी अडचण चित्रांची नव्हती, तोंडाची होती. मुलाला काही सांगायचं म्हणजे आपण बोलत सुटतो. ‘बस रे बाळा, बस ना, ऐकतोयस का, बस म्हटलं ना, आजी बघ काय म्हणतेय.’ ज्याला एकेक शब्द पकडायला वेळ लागतो, त्याच्यावर ही सर कोसळते. ‘टीच’च्या घरभेटीत पहिली सूचना बहुधा हीच असते की बोलणं कमी करा आणि दाखवा. कॅरीच्या एका घरात जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडावर ताट, वाटी, पेला, चमचा यांच्या बाह्यरेषा काळ्या मार्करने काढलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या घरचा मुलगा चौघांची पानं मांडतो. मिठासाठी डावीकडे वर एक छोटं वर्तुळ होतं, ते आजीच्या हट्टाने. पाहुणे आले की पाचवं पान मांडायला रेषा नसतात, तेव्हा तो घरच्या पानावरच्या वस्तू पाहून जुळवतो. ते मात्र त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

भाषेची तक्रारही इथे नोंदवायला हवी. आमच्या ओळखीच्या अनेक घरांना सुरुवातीच्या काळात कुणा ना कुणा तज्ज्ञाने सांगितलं की घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो. घरांनी ऐकलं. आईची इंग्रजी ऑफिसपुरती, आजीची नाहीच. घरात बोलणारी माणसं होती तेवढीही गप्प झाली. दोन भाषांच्या घरांतल्या स्वमग्न मुलांवर नंतर जे अभ्यास झाले, त्यांत दुसऱ्या भाषेने मूल आणखी मागे पडतं, असं काही आढळलं नाही. चित्राखाली ‘आंघोळ’ लिहिलं काय आणि ‘बाथ’ लिहिलं काय, चित्राला फरक पडत नाही. आजीला पडतो.

शॉपलर यांचा काळ वादांशिवाय गेला असं नाही. लॉस एंजेलिसला इव्हार लोव्हास वर्तनोपचाराची दुसरी वाट चालत होते. सुट्या सुट्या कृतींचा सराव, लगेच बक्षीस, आठवड्याला चाळीस तास. आधीच्या वर्षांत त्यांच्याकडे विजेचा झटकाही शिक्षा म्हणून वापरला गेला होता. १९८७ साली लोव्हास यांनी आपल्या १९ मुलांपैकी ९ मुलं सर्वसाधारण मुलांसारखी झाल्याचं छापलं आणि पालकांच्या काळजाचा ठोका चुकला. शॉपलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर कठोर टीका केली: मुलं निवडली कशी, मोजमाप काय, ‘सर्वसाधारण’ म्हणजे नक्की काय. माझ्या मते ती टीका रास्त होती. पण लोव्हास यांनी आकडे पुढे ठेवले आणि ‘टीच’ला ते ठेवायला वेळ लागला, हेही खरं. आपली पद्धत चालते हे रोज डोळ्यांसमोर दिसत असलं की मोजायचं राहून जातं.

मोजणी झाली तेव्हा निकाल संमिश्र निघाला आणि स्मरणिकेत तो लपवण्याचं कारण नाही. २०१३ साली १३ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सामाजिक वर्तनात आणि त्रासदायक वर्तन कमी होण्यात मध्यम ते मोठा फायदा दिसला. बोलणं, आकलन, हातांची कौशल्यं यांत थोडाच. पुढच्या वर्षी, याच विद्यापीठाच्या काही संशोधकांचा हात असलेल्या एका मोठ्या अभ्यासात ‘टीच’चे बालवर्ग, दुसऱ्या एका नावाजलेल्या पद्धतीचे वर्ग आणि कुठल्याच पद्धतीचं नाव न लावणारे पण चांगले चालणारे वर्ग यांची तुलना झाली. तिन्ही ठिकाणी मुलं पुढे गेली. एकाने दुसऱ्यावर मात केली नाही. पाटीपेक्षा वर्ग चांगला चालणं महत्त्वाचं ठरलं. आपल्याच अंगणात आपल्याच पद्धतीची अशी परीक्षा घ्यायला धाडस लागतं.

मधल्या वर्षांचा आढावा भराभर घेतो. गॅरी मेसिबॉव्ह यांनी १९९० च्या दशकात संचालकपद घेतलं आणि २०१० पर्यंत संस्था चालवली. ऑटिझमकडे दुखणं म्हणून न पाहता एक वेगळी संस्कृती म्हणून पाहावं आणि शिक्षकाने दुभाष्याचं काम करावं, ही मांडणी त्यांची. मुलं मोठी झाली, तसं संस्थेचं कामही त्यांच्यामागून मोठं झालं. प्रौढांना नोकरीत आधार देणारा उपक्रम आला आणि १९९० साली पिट्सबरोजवळ शेतजमिनीवर राहण्याचं आणि काम करण्याचं केंद्र उभं राहिलं. बेल्जियममध्ये थिओ पीटर्स यांनी, जपानमध्ये मासामी सासाकी यांनी ही पद्धत नेली. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जगभरचे शिक्षक येत राहिले. त्यात निम्मं व्याख्यान आणि निम्मं काम खऱ्या मुलांबरोबर असतं. सकाळी ट्रे बनवायचा, मुलाने तो उधळून लावला की दुपारी नवा बनवायचा. शॉपलर ७ जुलै २००६ रोजी गेले.

संस्थेवरचे आक्षेप आजही आहेत. वेगळ्या वर्गात ठेवलेलं मूल शेजारच्या मुलांपासून तुटतं, हा एक. चौकटीची इतकी सवय लागते की चौकटीबाहेर पाय टाकवत नाही, हा दुसरा. स्वमग्न प्रौढ आता स्वतःच लिहू-बोलू लागले आहेत. त्यांच्यातले काही विचारतात, टेबलाशी शांत बसणं ही गरज माझी होती की तुमची? दुसऱ्या आक्षेपाला ‘बदलाचं चिन्ह’ हे अर्धं उत्तर आहे. पहिल्याला उत्तर शाळेशाळेवर अवलंबून आहे. इथल्या नेहमीच्या वर्गांतूनही आता चित्रांची वेळापत्रकं दिसतात आणि कितीतरी मुलं बिननिदानाचीच ती वापरतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर संस्थेने द्यायचं आहे आणि ते तिने त्या माणसांना सोबत बसवूनच द्यावं.

२०११ पासून लॉरा क्लिंगर संचालक आहेत. त्यांच्या काळात दोन टोकांकडे लक्ष गेलं: अगदी लहान मुलं आणि चाळिशी-पन्नाशीची माणसं. तान्हेपण संपताच निदान झालेल्या मुलांसाठी आता शिक्षिकाच घरी येते. सहा महिन्यांत २० भेटी आणि पालकांच्या चार एकत्र बैठका. या उपक्रमाचा अभ्यास झाला तेव्हा ठळकपणे दिसलं ते पालकांचा ताण हलका झाल्याचं. मुलांच्या प्रगतीत तेवढा फरक दिसला नाही. काहींना हा निकाल निराशेचा वाटला. ज्यांच्या घरी रात्री दोनला दिवे लागलेले असतात, त्यांना वाटला नसावा.

दुसरं टोक मोठ्या माणसांचं. सुरुवातीच्या दशकांत चॅपेल हिलला आणलेल्या मुलांचा शोध घेऊन, ती आज काय करतात हे क्लिंगर यांच्या गटाने पाहिलं. जुन्या फाइली सांभाळून ठेवल्या होत्या, त्याचा हा उपयोग. मोठेपणी कोण कुठे पोहोचलं यात रोजच्या जगण्यातल्या कौशल्यांचा मोठा वाटा दिसला: आपलं आपण आवरणं, जेवण करून घेणं, वेळेवर निघणं. त्यावरून शाळा संपवू पाहणाऱ्या तरुणांसाठी नवा अभ्यासक्रम आखला गेला. त्यात वेळ कसा सांभाळायचा, मदत कशी मागायची, कामावर गडबडून गेलं तर काय करायचं, हे शिकवतात. कॅरीच्या त्या घरातला मुलगा यंदा एकोणीसचा झाला. त्याच्या आईने चौकशी केली आहे. तिथे जायला बस कुठली, ती कुठे बदलायची, याची यादी तो सध्या स्वतःच्या फोनमध्ये करतो आहे. बसचा एक थांबा मध्येच बदलला, तर त्या जागी काय लावायचं, यावर मायलेकांचं अजून एकमत झालेलं नाही.